हरेशचे केस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात नेरुळला आमचा ऑर्केस्ट्रा होता, आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे हरेश. सारसोळ्याच्या कोळ्याचा पोरगा. तिथल्या सलूनमध्ये अमेरिकेतल्या एका रॉक अँड रोल गायकाचं पोस्टर होतं. त्याच्यासारखाच केसांचा काळाभोर कोंबडा हरेश कपाळावर काढायचा. इंग्रजी गाणी निम्मी चुकीची म्हणायचा. पण त्यानं मान झटकली, केस डोळ्यांवर आले, की शिट्ट्या थांबत नसत. मी त्याच्यापेक्षा सुरात गायचो. लक्षात कोणाच्या राहायचो? कोणाच्याच नाही. मी जळायचो त्याच्यावर — सरळच सांगतो.

त्याच्या बाबांना ते केस डोळ्यांसमोर नको असत. ते होडीवर चल म्हणायचे आणि हा आरशासमोर. शेवटी शेवटी बाप-लेकाचं बोलणंच बंद झालं होतं. मग बाबा आजारी पडले. एका दुपारी हरेश औषधं आणायला गेला होता, खाटेपाशी मी एकटा. म्हाताऱ्यानं माझा हात धरला.

"त्याला सांग, मी गेल्यावर केस नको काढू. लय शोभतान पोराला. मी बगलाय त्याला, मांडवामागं उभं राहून."

हरेश परत येईपर्यंत त्यांची शुद्ध हरपली होती. ती पुन्हा आली नाही. संध्याकाळी ते गेले. हरेशनं विचारलं, बाबा काही बोलला का. मी नाही म्हटलं.

का? — तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत वाशीला नवरात्राचा मोठा कार्यक्रम होता. हरेशचं मुंडण झालं तर माईक कोणाकडे येणार? तो माणूस अजून घरात निजवलेला होता, आणि मी हा विचार करत होतो.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग एकेक जण हात जोडून पुढे झाला — मेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल ती पुरी करीन, असं कबूल करायला. काका म्हणाले, होडी सांभाळीन. मामा म्हणाले, धाकटीचं लग्न लावून देईन. शेवटी हरेश. तुळतुळीत डोकं, कानामागे वस्तरा लागलेला.

"बाबा, परत केस नाय वाढवनार. गानार पन नाय."

कावळा हलला नाही. म्हाताऱ्याची इच्छा काय होती, ते तिथे एकट्या मला माहीत होतं. मनातल्या मनात तरी बोलायचं! तेही बोललो नाही. भीती वाटली — कावळा खरंच उतरला असता तर?

अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. परतताना हरेश एवढंच म्हणाला, "बाबानं मना माफ नाय केला."

वाशीला मी गायलो. कोंबडा काढून. दुसऱ्याच गाण्याला तो घामानं कपाळावर चिकटला, आणि खालून कोणीतरी ओरडलं, हरेश कुठंय? अजूनही कावळा खिडकीत बसला की मी पडदा ओढून घेतो.

हरेश पुन्हा गायला नाही. आता मासळी विकतो. केस अगदी बारीक कापलेले. मी गेलो की माझ्या पिशवीत मूठभर बोंबील जास्त टाकतो. नको म्हटलं तर दर वेळी तेच म्हणतो, "शेवटी तू होतास बाबाजवल."

मी पिशवी घेतो आणि घरी येतो.