खेमचं दुसरं बारसं

छलुआय मावशी जन्मताना लाज घेऊन आलीच नव्हती, असं आमच्या अख्ख्या बाजाराचं मत होतं. माझंही होतं. फेचबुरीच्या नदीकाठी माझी हारांची गाडी आणि तिचं ज्योतिषाचं टेबल, मध्ये एक चिंचेचं झाड, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं तोंड ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. गिऱ्हाईक टेबलाशी बसायच्या आत ही म्हणायची, "नवऱ्याबद्दल विचारायचंय ना? चेहऱ्यावर लिहिलंय." बाई चाट पडायची. आता भर बाजारात तोंड पाडून ज्योतिषाकडे आलेली बाई नवऱ्याबद्दल नाही तर काय भोपळ्याबद्दल विचारणार? पण हे मावशीला सुचायचं आणि आपल्याला नाही, म्हणून ती ज्योतिषी आणि मी हारवाली.

सगळे तिला 'मॉ' म्हणत. मॉ म्हणजे वैद्य; आमच्याकडे भविष्य सांगणाऱ्यालाही तोच मान. नुसती "मॉ" अशी हाक आली तरी मावशीची मान ताठ व्हायची.

पुढे धंदा बसला. तरणी पोरं राशी मोबाइलवर बघायला लागली. मावशी टेबलावर डोकं टेकून घोरायची, आणि मी तिच्यापुढे माझ्यातला भात सरकवला की म्हणायची, "रिन, माझाच शनी फिरलाय गं." अशात एक दिवस सोनाराची बायको स्वतःचं काही विचारायला आली. काखेत तिचं पांढरं, केसाळ कुत्रं. ते मावशीवर जे भुंकायला लागलं ते थांबेना. मावशी वैतागून म्हणाली, "मेषेचं दिसतंय मेलं! जिथे तिथे आधी याचं डोकं!" सोनारीण किंचाळलीच. "अगं बाई! एप्रिलचंच आहे! कसं ओळखलंस, मॉ?" झालं. बोलाफुलाला गाठ पडली आणि मावशीचा शनी पळाला.

त्यानंतर तिच्या टेबलापुढे कुत्र्यांची रांग लागायची. मी हसून हसून बेजार. तुळेचं कुत्रं म्हणे दोन घरी जेवतं आणि दोन्हीकडे उपाशी असल्याचं तोंड करतं. कन्येचं आधी भात हुंगतं, त्यात खोट काढतं आणि मग खातं. जन्ममहिना माहीत नसला तर मावशी कुत्र्याला समोर बसवायची आणि ते कसं बसतंय त्यावरून रास ठरवायची. "माणसं वाद घालतात," ती मला म्हणाली होती. "कुत्रं कधी म्हणत नाही की मॉ, तुझं चुकलं."

प्रयूनकाका देवळामागे राहायचा. सुतारकाम केलेला, अबोल माणूस. बायको संगवान वारल्यापासून घरात तो आणि एक मातकट रंगाचं कुत्रं, दोघंच. मुलगी अम्फा राचबुरीला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते. कुत्र्याचं नाव खेम, म्हणजे खारट. पिल्लू असताना ते संगवानकाकूला मिठागराच्या बांधावर सापडलं होतं, डोळे नुकते उघडलेले आणि अंगावर मीठ वाळलेलं. तिनेच ते नाव ठेवलं. संध्याकाळी काका दारात उभा राहून "खे-ए-म" अशी लांबलचक हाक मारायचा, ती आम्हाला बाजारात ऐकू यायची. दिवसभरात त्या माणसाचा तेवढाच काय तो आवाज. आणि खेम जिथे असेल तिथून कान मागे टाकून धावत सुटायचा.

त्या कुत्र्याला खोड एकच. सकाळी भिक्षू भिक्षेला निघाले की हा भुंकायचा. एकदा तर थोरल्या भिक्षूंच्या वस्त्राचं टोकच दातात धरलं. काका बिचारा गुडघे टेकून, हातात भात घेऊन बसलेला, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणी काय गप्प बसतात? "आमच्या पुण्यात माती कालवतोय तुमचा लाडका," म्हणाल्या. म्हणून काका मावशीकडे आला. खेमला दोरी न लावता आणलं होतं. तो आपला त्याच्या टाचेशी चालत आला.

"सापडलं कधी?" मावशीने विचारलं.

"नदीत दिवे सोडतात ना, त्या सुमाराला. मंगळवार होता, असं संगवान म्हणायची."

मावशीने बोटांची पेरं मोजली, डोळे मिटले, उघडले. "वृश्चिक! नांगी घेऊनच आलंय. वृश्चिकेचं कुत्रं डूख धरतं, प्रयूनदादा. आणि मंगळवारच्याला 'ख' वैरी. वहिनीने नेमकं तेच अक्षर ठेवलं. नाव बदल."

नाव बदलणं आमच्याकडे नवं नाही. दुखणं हटेना, नोकरी लागेना, की माणसं नाव बदलून मोकळी होतात. माझ्या सख्ख्या भावाला सध्या काय म्हणायचं हे मला वहिनीला विचारावं लागतं. पण कुत्र्याचं बारसं मी तेव्हाच पाहिलं. मावशीने पाणी शिंपडलं, माझ्या गाडीवरचा हार न विचारता उचलला, खेमच्या गळ्यात घातला आणि नाव ठेवलं सप्थवी, म्हणजे संपत्तीची वाढ. संपत्तीची वाढ तेव्हा मान वाकडी करून हार खात होती.

"आणि जुनं नाव?" काकाने विचारलं.

विसरून जा, एवढं म्हणून सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सोनारीण बघत होती, आणखी दोघीतिघी आपापली कुत्री घेऊन माना पुढे काढून उभ्या होत्या. बघणारं कुणी असलं की मावशीची जीभ तिच्या ताब्यात राहायची नाही. ती आवाज खाली आणून म्हणाली, "जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. चुकूनसुद्धा नाही. काढलंस तर ती नांगी घरातल्या सगळ्यांत लहान जिवाला लागेल."

काकाचा चेहरा उतरला. घरातला सगळ्यांत लहान जीव म्हणजे अम्फाच्या पोटातला.

काकाने नेम पाळला हो, अगदी कडक पाळला. संध्याकाळी दारात उभा राहून "सप्थवी, सप्थवी" म्हणायचा, दबकत, लोकाच्या कुत्र्याला बोलवावं तसा. खेम अंगणात बसून भलतीकडेच बघायचा. हळूहळू त्याचं भुंकणं थांबलं. खाणंही निम्म्यावर आलं. भिक्षू समोरून गेले तरी हा पाय पोटाशी घेऊन पडलेला.

"बघ," मावशी मला म्हणाली, "वृश्चिक गार पडली की नाही?"

"मावशी, गार नाही पडलं ते. खचलंय."

"तू आपले हार ओव."

मग टेकडीवरची जत्रा आली आणि जत्रेचं दारूकाम. अंधार पडायच्या आतच बार उडायला लागले. खेमने कुंपणाखाली माती उकरली आणि पळाला. काका गल्लोगल्ली "सप्थवी" करत फिरला. बाजारातले लोकही चांगले, हातातला बर्फाचा चहा हातात ठेवून त्याच्या मागे "सप्थवी, सप्थवी" करत हिंडले. ज्या कुत्र्याचं ते नावच नव्हतं ते कशाला ओ देतंय?

सापडला तो देवळाच्या लाकडी घाटाखाली. फळ्यांखालच्या खांबांमध्ये एक चिखलाची बेचकी आहे, तिथे घुसून बसलेला, पुढचा पाय रक्ताने भरलेला, जवळ येईल त्याच्यावर दात काढत. देवळात झाडणाऱ्या माणसाचा हात थोडक्यात वाचला. कुणीतरी म्हणालं, "पिसाळलंय!" तो शब्द एकदा निघाला की थांबतो होय? कुत्री धरणाऱ्या गाडीला फोनसुद्धा गेला. तसल्या संशयावरून नेलेलं कुत्रं परत येत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी पोचले तेव्हा काका चिखलात ओणवा झाला होता. "सप्थवी, ये बाळा. ये." आतून नुसती गुरगुर. मी वाकून "खेम" म्हटलं. त्याचे कान हलले, मी डोळ्यांनी बघितलं, पण माझा आवाज त्याच्या काय कामाचा? काकाने मात्र माझं तोंडच दाबलं. "रिन! अम्फाचं पोर!"

"काका, तुम्ही मारा हाक. एकदाच. गाडी येतेय."

"मॉने सांगितलंय," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मला असा संताप आला म्हणता! तशीच बाजारात गेले आणि मावशीचा दंड धरून तिला गिऱ्हाइकांतून उठवली. "चल. तू मारलेली गाठ तूच सोड." वाटेत तिला सगळं सांगितलं. ती म्हणे, "हात सोड गं, लोक बघतात. करते काहीतरी तोडगा." तिच्या मागे तिची गिऱ्हाइकंही आली, कुत्र्यांसकट. सोनारीण सगळ्यांच्या पुढे.

घाटावर मावशीने पदर सावरावा तसा गळ्यातला रुमाल सावरला आणि ज्योतिषाच्या आवाजात म्हणाली, "दादा, आजच्या दिवस घे ते नाव. मी मंत्र म्हणते. दोष माझ्या अंगावर घेते."

काकाने मान हलवली. "मंत्र तुझा, मॉ, पण पोर माझ्या लेकीचं. तूच म्हणालीस ना, चुकूनसुद्धा नाही?"

"अरे, पण मी आहे ना आता इथे!"

"नको. कुत्रं गेलं तर गेलं." हे बोलताना त्याने फळ्यांखाली बघितलंसुद्धा नाही. पुलापलीकडे गाडीचा भोंगा वाजला. मावशीने माझ्याकडे बघितलं, सोनारणीकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. आज हिला पळू द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तसला नेमच नाहीये," ती पुटपुटली.

"काय?"

"नेम नाही म्हणते!" ती ओरडली. "कुठल्या पोथीत नाही. बायका बघत होत्या, तोंडाला आलं ते बोलून गेले. पोराला काहीसुद्धा होत नाही. वृश्चिक काय, नांगी काय, सगळं माझ्याच डोक्यातलं. मार हाक. मार रे दादा!"

सोनारीण काखेतलं कुत्रं पुढे करत म्हणाली, "म्हणजे मेषेचा ताप उतरायला माझ्या सोन्याला वेगळ्या खोलीत कोंडायला लावलंस, तेही तोंडालाच आलं होतं? रडून रडून घसा बसला होता गं त्याचा!" मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मावशी दोन्ही हात जोडून उभी, कान लालबुंद, मान खाली. बाजारभर नाक वर करून फिरणारी बाई ती, आणि तिला कुठे बघावं कळेना. मघाचा माझा संताप कुठल्या कुठे गेला. लाज तिला वाटत होती आणि मेल्यासारखं मला होत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी हसतच होते की.

काकाने तोंड उघडलं. मग "खे-ए-म" अशी हाक निघाली, फाटकी, कापरी, पण तीच. आतली गुरगुर बंद झाली. पुन्हा हाक. चिखलातून सरपटत, दुखरा पाय ओढत खेम बाहेर आला आणि काकाच्या मांडीवर डोकं घालून असा कण्हला की ऐकवेना. गाडीवाले येऊन पोचले होते. त्यातल्या म्हाताऱ्याने जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "पिसाळलेलं असं कुशीत शिरतं होय? पायाला पट्टी बांधा याच्या आणि सुई टोचून घ्या." ते निघून गेले. लोक हसले, कुणी काकाच्या पाठीवर थापटलं. मला वाटलं, संपलं. मावशीलाही वाटलं असावं, कारण ती हळूच मागे सरायला लागली होती.

"छलुआय," काकाने हाक मारली. मॉ नाही म्हणाला.

ती थांबली.

"संगवान गेली त्या दुपारी मी पलीकडच्या गावात होतो. एका पोराच्या भिक्षुदीक्षेचं जेवण होतं, पीत बसलो होतो. ही चुलीपाशी पडली ती संध्याकाळपर्यंत तशीच. दहनाच्या वेळी मी उभा राहू शकत नव्हतो, तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, दादा, तिच्या पत्रिकेत ती दुपार लिहिलेलीच होती. तू उशाशी असतास तरी ती गेली असती."

मावशीने ओठ ओले केले.

"त्यावर मी दिवस काढतोय, छलुआय. ते पोथीत होतं का?"

खोटं बोल बाई, मी मनात म्हणत होते, एवढं एकदा नीट खोटं बोल. जन्मभर ज्या तोंडाने राशी सांगितल्यास ते तोंड आज उघड. पण आत्ताच सगळ्यांसमोर तिने स्वतःचं तोंड खोटं ठरवलं होतं. आता त्याच तोंडातलं काही खरं कोण मानणार? तिने काकाकडे बघितलंच नाही. त्याच्या मांडीवरच्या कुत्र्याकडे बघत ती म्हणाली, "होतं, दादा. पोथीत होतं."

काकाने तिच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं.

"असेल," तो म्हणाला, आणि खेमला उचलून घरी गेला.