स्टेला मॅडमच्या हॅमचा पाक

नांदेडच्या आमच्या रेल्वे ऑफिसात कामाच्या गोष्टी फायलीत राहतात आणि खाण्याच्या गोष्टी माणसांत. चहाच्या वेळी कुणी स्टेला मॅडमच्या ख्रिसमसचं नाव काढलं, की अर्धा तास गेलाच समजा.

मॅडम मूळच्या सिकंदराबादच्या; ख्रिसमसला आम्हा ऑफिसवाल्यांना घरी जेवायला बोलावतात. त्यांचा भाऊ नाताळला तिकडून हॅम आणतो, म्हणजे डुकराच्या मांडीचा खारवलेला मोठा तुकडा. त्याला वरून गोड लेप देऊन ओव्हनमध्ये भाजतात. "त्याला ग्लेझ म्हणतात," मॅडमनी सांगितलं.

इस्लापूरचा कांबळे म्हणाला, "म्हंजे पाकच की."

पहिल्या वर्षी त्या ग्लेझला लागणारी ब्राऊन शुगर मिळेना, म्हणून मी शिरूर अनंतपाळहून, आमच्या गावाकडून, गूळ आणला. मॅडमनी तो अननसाच्या रसात उकळायला ठेवला आणि पाहुण्यांशी बोलत बसल्या. पाक इतका कडक झाला की भाजलेल्या हॅमवर सुरी टकटक वाजायला लागली. कांबळेनं बोटानं वाजवून बघितलं.

"मॅडम, हे हॅम हाय का हेल्मेट?"

*

पुढच्या वर्षी पाकात घालायला मोहरी हवी होती. माझ्या बायकोनं लोणच्याला फेसतो तशी सढळ हातानं फेसून दिली. जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली, तेव्हा उरलेल्या मोहरीचं भांडं टेबलावर उघडंच होतं. सगळ्यांच्या मिटल्या डोळ्यांतूनही धारा लागल्या.

मॅडमचा भाऊ भारावून म्हणाला, "ताई, तुझ्या ऑफिसातली माणसं लई भाविक हायत."

*

आमचे हेडक्लार्क सोनटक्के माळकरी. मांसाला शिवत नाहीत, पण पाकाची तार बघावी तर त्यांनीच. म्हणून हॅमला लावायच्या आधी मॅडम त्यांना चाखायला बोलावतात. एकदा त्यांनी बरणीभर पाक घरी नेला आणि गुळांबा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा मॅडमना फोन. "तुमच्या गुळांब्याची कृती सांगा की. हे रोज पोळीला लावून खातो म्हणून राहिलेत."

समोर सोनटक्के हात जोडून उभे.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गूळ, अननस, मोहरी, लवंगा. बाकी जे लागतं ते आमच्याच घरी लागतं, वहिनी."

*

एका वर्षी भावाला ताप आला, हॅम आलंच नाही. पाक तयार, मॅडमचा चेहरा उतरलेला. कांबळे बाजारातून रताळी घेऊन आला. मॅडमनी त्यांना चिरा पाडल्या, लवंगा टोचल्या, पाक लावून भाजली. सोनटक्के पहिल्यांदाच पोटभर जेवले.

निघताना म्हणाले, "भावाला म्हणावं, तब्येत सांभाळा. यायची घाई करू नका."

*

गेल्या ख्रिसमसला मॅडमची आई आली होती. म्हातारीला आता कुणी ओळखू येत नाही, मॅडमसुद्धा नाहीत. बोलते ती फक्त तेलुगू. आमच्यात ती कांबळेला कळते, इस्लापूर तेलंगणाच्या हद्दीलाच असल्यामुळं.

मॅडम पाक ढवळत होत्या. म्हातारी खुर्चीतून उठली, त्यांच्या हातातला डाव घेतला आणि म्हणाली, "मंट तग्गिंचु."

"जाळ कमी कर म्हणती," कांबळे हळूच म्हणाला.

मॅडमनी गॅस बारीक केला. म्हातारी ढवळत राहिली. मग थेंबभर चाखून तिनं मान हलवली आणि मॅडमकडे बघून काहीतरी बोलली. मी कांबळेला कोपरानं ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "यातला थोडा बाजूला ठेव म्हणती. माझी स्टेला शाळेतून येईल, तिला लई आवडतो."

मॅडम म्हणाल्या, "ठेवते." आणि एक वाटी भरून झाकून ठेवली.