शब्द सौम्य न करणाऱ्या सुमतीताई

सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट चिंचवडला, त्यांच्या घरी झाली. आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातल्या बल्गेरियन चित्रपटांना मराठी सबटायटल्स जोडायला संगणक जाणणारे कोणीतरी हवे होते. हिंजवडीतल्या एका मित्राने मला पाठवले.

मी आगाऊपणे विचारले, "बल्गेरियाच का, ताई?"

त्या हसल्या. "ह्यांच्या नोकरीपायी लग्नानंतर काही वर्षं तिथे होते. शेजारीण मला सिनेमाला न्यायची, भाषा तिथेच शिकले. छोटा देश आहे हो. त्यांचे सिनेमे बाहेर कोण बघतं? आपण बघू."

चित्रपट मागवणे, भाषांतर करणे, दिग्दर्शकांना आपल्याच घरी उतरवणे, हा महोत्सवातला सारा बल्गेरियन विभाग ताईंनी उभा केला. माझ्या पत्नीची नोकरी गेली तेव्हा त्या घरी आल्या. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता तिच्यापुढे भाषांतर ठेवून म्हणाल्या, "शुद्धलेखन तपास गं, माझे डोळे दुखतात." नवी नोकरी लागेपर्यंत ती रोज ताईंकडे जात होती. ताईंच्या डोळ्यांना काहीही झालेले नव्हते.

पण ताई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या एका संध्याकाळी. राडका नावाच्या तरुण दिग्दर्शिकेचा माहितीपट होता. गावातली गिरणी बंद पडते आणि एक म्हातारा कामगार यंत्रांच्या रिकाम्या खात्यात बसून रडतो. पहिल्या रांगेत बल्गेरियाहून आलेले पाहुणे होते. पुढच्या वर्षी चित्रपट पाठवायचे की नाही, हे त्यांच्याच हाती होते. चित्रपट संपला. राडका मंचावर आल्या, शेजारी दुभाषी म्हणून ताई उभ्या राहिल्या.

मागून बबनराव नावाचे एक कामगार उठले. ते काम करत तो चाकणजवळचा कारखाना नुकताच बंद झाला होता.

"बाई, माणूस रडतोय आन् तुमी क्यामेरा धरून उभ्या? लाज न्हाई वाटली? आमच्या गेटावर बी टीव्हीवाले आसंच शूटिंग करून गेले. पुन्हा कोणी फिरकलं न्हाई."

आमचे अध्यक्ष ताईंकडे झुकून कुजबुजले, "जरा सौम्य करून सांगा. पाहुणे बसलेत."

वर्षानुवर्षांचे काम एका वाक्यावर जाणार होते. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि बल्गेरियनमध्ये सांगितले, तेही सावकाश. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचे चेहरे उतरले, त्यावरूनच कळले की काहीही गाळलेले नाही.

राडका जे बोलल्या, ते ताईंनी तितक्याच सावकाश मराठीत आणले, "लाज वाटली. तो माणूस माझे वडील आहेत. मी अजून त्यांना हा चित्रपट दाखवलेला नाही."

बबनराव उभेच होते. आवाज मात्र उतरला होता. "मग आधी त्यास्नी दाखवा. त्ये न्हाई म्हणले तर आमाला बी नगं."

ताईंनी तेही सांगितले. दुसऱ्या दिवशीचा खेळ राडकांनी स्वतःहून रद्द केला.

बैठकीत अध्यक्षांचा संताप आवरेना. "एक शब्द बदलला असता तर काय बिघडलं असतं?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "बोलणारे ते, ऐकणारी ती. मधल्या मधे मी कोण बदलणार?"

त्यानंतर पाहुण्यांकडून काहीच कळेना. पत्रांना उत्तर येईना. विभाग बंद झाला असेच आम्ही धरून चाललो. ताई मात्र भाषांतराला बसत होत्या, पण जेवण कमी झाले होते, हे त्यांच्या सुनेने मला सांगितले.

मग राडकांचा फोन आला. वडिलांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला होता. रडण्याचे दृश्य काढायला सांगितले, बाकी ठेवले. तो तसाच आपल्याकडे दाखवायचा होता, आणि त्यांनी गळ घातल्यावर ते पाहुणेही पुन्हा यायला तयार झाले होते.

त्या खेळाला ताईंनी स्वतः बबनरावांना बोलावून आणले. चित्रपट संपल्यावर ते पुन्हा उठले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमच्या वडलांना चाकणच्या कामगारांचा रामराम सांगा," ते म्हणाले.

हे भाषांतर करताना मात्र ताई अडखळल्या. जोडलेले हात पाहून राडकांना ते बहुधा आधीच कळले होते.

सुमतीताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच स्वच्छ राहो. अजून पुष्कळ माणसांना एकमेकांशी बोलायचे आहे, आणि मध्ये उभे राहायला आम्हाला ताईच हव्या आहेत.