तिच्या देवांची प्रश्नोत्तरं

अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका निवासी शाळेत मी बरीच वर्षं नागरिकशास्त्र आणि मराठी शिकवलं. चांगलं शिकवलं असं तेव्हा सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो. आता कोणी जुना विद्यार्थी बाजारात भेटून पाया पडायला वाकला की मी चटकन बाजूला होतो. त्याला वाटतं सरांना गुडघ्याचा त्रास आहे.

मी मूळचा भद्रावतीचा. कारखान्याच्या कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात आम्ही हिंदी-उर्दूची खिचडी बोलायचो, बाहेर सगळ्यांसारखं मले-तुले. शाळेत मात्र मी पुस्तकातली मराठी उचलली, आणि अशी उचलली की वक्तृत्वात पहिला नंबर ठरलेला. बक्षीस देताना पाहुणे माझं नाव वाचायचे, थबकायचे, आणि कौतुकानं म्हणायचे, "वाटत नाही हो हा त्यांच्यातला." हे वाक्य मी वर्षानुवर्षं छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. लहान होतो तोवर ठीक. पण मिशी फुटली, नोकरी लागली, लग्न झालं, तरी त्या वाक्यात माझ्या बापाला शिवी आहे हे मला ऐकू आलं नाही. बोलणं स्वच्छ केलं की आपल्याला कोणी हात लावत नाही, एवढंच मी त्यातून शिकलो.

तेच औषध मी पोरांना पाजलं. शाळेच्या आवारात जो गोंडी, म्हणजे घरची बोली, बोलेल त्यानं बोरिंगवरून पाच बादल्या पाणी भरायचं, हा नियम माझा. हेडमास्तरांनी फक्त मान डोलावली. मी मारकुटा मास्तर नव्हतो, उलट मारणाऱ्यांशी भांडायचो. त्या काळात मूल्यशिक्षणाचं फार चाललं होतं. रोज परिपाठाला एक मूल्य, त्याची वेगळी वही, आणि तपासणीला साहेब आले की पहिली तीच वही मागायचे. त्या वहीत मी बादल्यांची नोंद 'श्रमप्रतिष्ठा' म्हणून केली होती. साहेबांनी तिच्याखाली 'उत्तम' असा शेरा मारला.

जिच्यासाठी हे सगळं लिहितोय ती पोरगी पहिलीत आली तेव्हा सहा वर्षांची असेल. आलापल्लीच्या रस्त्यापासून तिचं गाव पायी अर्ध्या दिवसावर. बाप धान पिकवायचा, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचा, तेंदूपत्ता तोडायचा. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त बादल्या तिनं भरल्या. बादली तिच्या कमरेएवढी, अर्धं पाणी पायावर सांडायचं. तिसरीपर्यंत तिच्या वाट्याच्या बादल्या संपल्या. सातवीत ती स्वतःच कोण गोंडी बोललं त्याची नावं मला आणून द्यायला लागली, आणि मी तिला वर्गाची मॉनिटर केलं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं आनंदानं घरी पळायची. ही दोन दिवस आधी परत यायची. मी विचारलं, का गं? तर हसून म्हणाली, "सर, घरी कोणाला माझं बोलणंच कळत नाही." मीही हसलो. स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आणि चहा घेता घेता आम्ही सगळे हसलो.

तिचा बाप वर्षातून एकदा यायचा, माझ्यासाठी फडक्यात बांधून चारोळी आणायचा. व्हरांड्याच्या पायरीवर बसायचा, खुर्ची दिली तरी नको. एकदा तो म्हणाला, "गुरुजी, पोट्टी घरी येते तं मुकी होते. देवाच्या कामाले चाल म्हटलं तं अभ्यास आहे म्हनते. हे बरं नाई." मी त्याला नागरिक म्हणजे काय, देश म्हणजे काय, पुढं जायचं तर काय काय मागं ठेवावं लागतं, असं सगळं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. जाताना "तुमाले जास्त समजते" एवढंच म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

बारावी तिनं अहेरीला वसतिगृहात राहून केली. मार्क चांगले पडले, चंद्रपूरला नर्सिंगला नंबर लागला. त्या भागातल्या गावांत ताप आला की माणसं खाटेवर टाकून रुग्णालयात आणावी लागायची. अशा ठिकाणची पहिली शिकलेली नर्स ही होणार होती, आणि ती माझी विद्यार्थिनी होती. मी पेढे वाटले. कपाळ माझं.

प्रवेश आदिवासींच्या राखीव जागेवरचा, आणि कच्चा होता. सहा महिन्यांत जातीच्या दाखल्याची पडताळणी करून आणायची, नाहीतर जागा जाणार. आदिवासी नसताना खोटे दाखले काढून जागा लाटणारे लोक होते, म्हणून ही पडताळणी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पडताळणी समितीला जुने कागद हवे होते. आजाच्या शाळेचा दाखला, पणजोबाची नोंद. हिचा आजा कधी शाळेच्या सावलीला उभा राहिला नव्हता. कागद नसले की समिती माणसालाच विचारते. तुमचे देव कोणते, किती देवांचे तुम्ही, म्हणजे किती देव मानणाऱ्या कुळातले, लग्न कसं लागतं, मेलेल्या माणसाचं काय करता. त्यावरून ठरवते की तू खरी की खोटी. नोटीस आली तेव्हा हातात पंधरा दिवस होते.

नोटीस घेऊन ती चंद्रपूरहून थेट माझ्याकडे आली, मागोमाग बाप धावत आला. म्हणाला, "पंधरा दिवस घरी धाडा गुरुजी. तिची आत्या सांगन सगळं. गावात पंडुम हाय आता, सारं डोळ्यानं पाहीन." पंडुम म्हणजे त्यांचा सण. मी म्हटलं, नाही. घरी गेली तर इकडचं तिकडचं ऐकून घोळ होईल. साहेबांपुढे उत्तर कसं द्यायचं ते मला माहीत आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पोरगी म्हणाली, "मी सरांकडे राहते."

मी एक दिवस त्यांच्या गावी गेलो, आत्याजवळ बसलो आणि तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. बाप मराठीत करून सांगत होता. देव, देवांची संख्या, गोत्र, लग्नातले विधी, मेल्यानंतरचे विधी. घरी येऊन कंदील पुसला आणि दोनशे पानी वहीत प्रश्नोत्तरं तयार केली, शुद्ध मराठीत, समास सोडून, लाल शाईनं प्रश्न आणि निळ्या शाईनं उत्तर. आणि लिहिता लिहिता एक गोष्ट केली. आत्यानं सांगितलं होतं की देवाला कोंबडा देतात, मोहाची दारू शिंपडतात, मग सगळे घेतात, बायाही घेतात. मी ते गाळलं. नर्स होणारी पोरगी साहेबांपुढे दारूचं नाव घेणार, हे मला बरं दिसेना. त्याजागी मी लिहिलं: फुले व नारळ.

पंधरा दिवस ती माझ्या घरी राहिली. बायकोच्या हाताखाली भाजी निवडायची आणि पाठ म्हणायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, तिचं तिलाच काऊन शिकवून राह्यले तुम्ही?" मी तिच्यावर खेकसलो, तुला यातलं काय कळतं म्हणून. तिला कळलं होतं, मला नाही.

पालकानं हजर राहावं असं नोटिशीत होतं. बापाला मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, काहीतरी उलटसुलट बोलाल. त्याचा अंगठा घेऊन अधिकारपत्र केलं आणि पालक म्हणून मीच गेलो.

कचेरीत टेबलापलीकडे तीन जण होते. त्यातला एक अभ्यासक होता, वयस्कर, जाड चष्म्याचा. विचारायचं काम त्याचं. पोरगी इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसात सावधानमध्ये उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"किती देवांचे तुम्ही?"

"महोदय, आम्ही सहा देवांचे आहोत."

"देवाला काय देता?"

"महोदय, आम्ही देवाला फुले व नारळ अर्पण करतो."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आणि?"

"अगरबत्ती." हे माझ्या वहीतलं नव्हतं. शाळेत सरस्वतीच्या फोटोला दर वर्षी लावायचो तीच तिनं लावली.

"कोंबडा? मोहाची?"

"नाही महोदय. आमच्या समाजात हिंसा आणि व्यसन नाही."

मग त्यानं गोंडीत काहीतरी विचारलं, अगदी घरच्या आवाजात. मला शब्द कळले नाहीत, पण तिला कळले. तिचा चेहरा एकदम लहान झाला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला चांगलं ओळखीचं होतं. आवारात कोणाच्या तोंडातून गोंडी शब्द निसटला की पोरं तशी पाहायची, सर जवळ आहेत का म्हणून. मग ती मराठीत म्हणाली, "सकाळी पोळी-भाजी खाल्ली, महोदय." उत्तर बरोबर असावं, कारण त्यानं मान हलवली. "गोंडीत सांग," तो म्हणाला. ती बोलली नाही. तो पुन्हा म्हणाला. ती जमिनीकडे पाहत राहिली. मी बाहेर गेलो असतो तर ती बोलली असती. एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. मी खुर्चीवर बसून डोळ्यांनीच तिला सांगत होतो, बोल, बोल, घाबरू नको.

शेवटी त्यानं मला विचारलं, "तयारी तुम्ही करून घेतली?"

आणि मी काय केलं माहीत आहे? उभा राहिलो आणि म्हटलं, "हो साहेब. पंधरा दिवस. रोज." इतक्या तपासण्या झेलल्या होत्या मी. साहेबानं असं विचारलं की पुढे शाबासकी येते, हेच अंगात मुरलेलं. वर वहीसुद्धा काढून त्याच्या हातात दिली. त्यानं पानं चाळली. "अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला, आणि वही ठेवून घेतली.

एसटीत मी तिला म्हटलं, छान दिलीस उत्तरं. ती म्हणाली, "हो सर, एकही चुकलं नाही."

महिन्यानं कागद आला. उत्तरं पाठ करून दिलेली आहेत, देवपूजेबद्दल दिलेली माहिती जमातीच्या प्रथेशी जुळत नाही, बोलीभाषा अवगत नाही. शेवटी लिहिलं होतं, दावा अमान्य. नर्सिंगची जागा गेली. मी त्या चष्मेवाल्याला खूप शिव्या घातल्या. पुष्कळ दिवस घातल्या. पण त्यानं काय चूक केली होती? एक आदिवासी पोरगी देवाला नारळ फोडते म्हणून सांगत होती, आणि तिचा मास्तर वही घेऊन उभा होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

कागद घेऊन मी तिच्या गावी गेलो. ती आधीच घरी आलेली होती. बापाला वाचून दाखवला, अर्थ सांगितला. आत्या दाराशी बसली होती. तिनं गोंडीत काही विचारलं, बापानं एका शब्दात उत्तर दिलं. आत्या उठून आत गेली.

बापानं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे सरकार म्हनते, थे आमची नाई."

मी म्हटलं, तसं नाही, कागदाचा प्रश्न आहे, आपण अपील करू.

"आमाले तं दहा वर्सांपासून माहीत हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. "तुमची असन तं घेऊन जा, गुरुजी. आमची असन तं आमाले बोलून द्या तिच्यासंगं."

वक्तृत्वात पहिला येणारा मी, काळा चहा दिला होता तो प्यालो आणि उठलो.

पोरगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत बोरिंगवर बायका पाणी भरत होत्या, तिला काहीतरी म्हणाल्या, ती नुसती हसली. मी तिला म्हटलं, बाळा, हिंमत धर. वरच्या कोर्टात अपील होतं. वकील बघतो मी. यावेळी सगळं तू सांगायचं, तुझ्या घरचं, तुझ्या शब्दात.

ती थांबली. नीट विचार करत होती, शाळेत कठीण प्रश्नाला करायची तसा. मग म्हणाली, "चालेल सर. माझ्या शब्दात काय सांगायचं, ते लिहून द्याल ना?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच लिहून हवं होतं.