मोठ्या कुत्र्याचं आयुष्य

कुठल्याही कुत्र्याकडे एकदा बघून ते किती वर्षं जगणार हे छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. पुनावळ्याच्या या मामांनी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून काढली. डॉक्टरांनी सुई टोचायची आणि मामांनी जनावर धरायचं. डॉक्टर येत, बदलून जात. मामा धरतच राहिले. गाई-म्हशींचं त्यांना सगळं कळे, पण जीव कुत्र्यांवर. कोणी कुत्रं घेऊन आलं की डॉक्टर आजार विचारायचे आणि मामा विचारायचे, "आईबाप केवढे व्हते ह्याचे?" कुत्र्याचं आयुष्य त्याच्या अंगलटीवर ठरतं, असं त्यांचं ठाम मत. "देव समद्यास्नी तेल सारखंच घालतो, जावईबापू. बारकी वात पुरवून पुरवून जळती, मोठी भडाभडा." पामेरियन चौदा-पंधरा वर्षं सहज काढणार, अल्सेशियन दहा-अकरा, आणि गावठी कुत्रं ट्रकखाली आलं नाही तर त्याला मरण माहीतच नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा मात्र त्यांना भरवसा नव्हता. "बारकं हाय खरं, पर दम कुठनं घेणार?"

दर रविवारी ते सायकलवरून आमच्या चिंचवडच्या क्वार्टरवर येत. सदऱ्याच्या खिशात भाकरीचे तुकडे असत, त्यामुळे वाटेतलं प्रत्येक कुत्रं ओळखीचं, आणि सकाळी निघालेले मामा जेवायच्या वेळेला पोचत. शेजारच्या आजींनी हौसेनं पामेरियनचं पिल्लू आणलं, तेव्हा मामांनी त्याचे पाय चाचपले आणि आजींना अभय दिलं, "काळजी सोडा. तुमच्या माघारीबी मजेत ऱ्हाईल." आजी महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. एकदा पुतणीसाठी स्थळ बघायला गेले आणि खुशीत परतले. "कुत्रं झकास हाय. चौदा वर्सं कुठं जात न्हाई." मुलगा कसा आहे, असं विचारल्यावर जरा आठवून म्हणाले, "त्योबी बरा दिसला."

मी तेव्हा कंपनीत नुकताच इंजिनिअरच्या जागेवर चढलो होतो. बढतीला शोभेल असं घरात काहीतरी हवं म्हणून बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून मी ग्रेट डेनचं पिल्लू मागून आणलं. नाव सीझर. वर्षभरात तो असा वाढला की दोन खोल्यांत तो वळायला लागला की आम्ही खुर्च्यांवर पाय घेऊन बसायचो. मामांनी त्याचा परातीएवढा पंजा हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "शिजर, लेकरा, लई घाई केलीस रं वाढायची."

एका रविवारी मी आमच्या मोठ्या साहेबांना आणि त्यांच्या पत्नीला चहाला बोलावलं. मामांना येऊ नका म्हणून सांगायचं माझ्या मनात होतं, पण बायकोला ते कोणत्या तोंडानं सांगणार? मामा आले. धोतराला चिखल, टोपी घामानं काळी. ते आमच्याकडे न बघता थेट सीझरजवळ जमिनीवर बसले. बाईसाहेब म्हणाल्या, "किती रुबाबदार आहे हो! आपणही असाच आणू या." मामांनी मान वर केली. "आणा की बाई. पर सात-आठ वर्सांचीच सोबत धरा. ह्यो लौकर जातो. मागनं रडू नका."

बाईसाहेबांचा चेहरा पडला. साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "हे कोण?"

मी हसून म्हणालो, "कुत्र्याला सांभाळायला येतो तो माणूस, साहेब."

बायको वड्यांची बशी घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागे वळली. मामा उठले, साखळी हातात घेतली. "व्हय सायेब, मी कुत्र्याचा माणूस. चल शिजर, मोठ्या लोकांना बोलू दे."

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, पण मागच्या दारानं. चहा मागच्या पायरीवर घेतला आणि मला "सायेब" म्हणाले. जावईबापू हा शब्द त्यानंतर आमच्या घरात ऐकू आला नाही. माफी मागायला मला कितीतरी वर्षांचे रविवार मिळाले, आणि मी ती मागितली नाही. खरं सांगायचं तर मागचं दार मला सोयीचंच वाटू लागलं होतं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

सीझर सहा वर्षांचा झाला आणि पायऱ्या चढेना. मला वाटलं, खाऊन माजलाय. मी त्याचं खाणं तोडलं, एकदा पट्ट्यानं मारलंही. मामांनी माझा हात धरला. तीस वर्षं जनावरं धरलेला हात, मला तो सोडवता येईना. "सायेब, तुमच्या मोजणीनं त्यो सहाचा. त्याच्या मोजणीनं साठी उलटली. म्हातारा हाय, माजल्याला न्हाई." मग ते एक दिवसाआड येऊ लागले. गोणपाटांची गादी केली, कमरेला तेल चोळलं, त्याला उचलून उन्हात नेलं. सातवं वर्ष संपल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, सीझर मामांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

"माझ्या रानात न्हेऊ," मामा म्हणाले. टेम्पोतून त्याला पुनावळ्याला नेलं. बांधाकडेला खड्डा खणला, मीही हातांनी माती लोटली. आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्ये पाव्हणं कोण?"

मी मान खाली घातली. आता मामा काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून उभा राहिलो.

"आमचं जावई," मामा म्हणाले. "कंपनीत लई मोठं सायेब हायेत. कुत्र्यावर लई जीव व्हता त्यांचा."

मग त्यांनी मला विहिरीवर नेलं, घरच्या जावयाला घालावं तसं तांब्यानं माझ्या हातांवर पाणी घातलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून फक्त "पुरे, मामा" एवढंच निघालं. माती केव्हाच निघून गेली होती. तरी ते पाणी घालत राहिले आणि मीही हात मागे घेतले नाहीत.