पोट वर केलेले दगड

रस्ता खरवडणारं ग्रेडर यंत्र चालवणाऱ्या बाईला सगळं ऑफिस ‘आत्या’ म्हणायचं, कारण तिचा सख्खा भाचाच तिच्यावर मुकादम होता. हुकूम त्याने सोडायचे आणि शिव्या तिने घालायच्या, अशी कामाची वाटणी. वाळवंटातला साठ किलोमीटरचा कच्चा रस्ता ती वर्षातून दोनदा खरवडून सपाट करायची. दोन्ही बाजूंना कधीकाळी ज्वालामुखीतून वाहून थिजलेला काळा खडक, आणि मधून रस्ता अगदी सरळसोट. फक्त एका ठिकाणी तो काही कारण नसताना वळसा घालायचा.

कारण आत्याला ठाऊक होतं. पाऊस मनासारखा झाला तरच उमलणारी जांभळी फुलं अकरा वर्षांपूर्वी तिथे आली होती आणि आत्याच्या लक्षात येईपर्यंत ती पात्याखाली गेली. आरशात पाहिलं तर मागे नुसती सपाट माती! त्या दिवशी ती ग्रेडरमध्येच ढसाढसा रडली. मग आसपासचे काळे दगड आणून तिने तो तुकडा भरून टाकला आणि रस्ता बाजूने काढला. ऑफिसात ठोकून दिलं, "तिथे खाली अखंड खडक आहे. पातं तुटतं." पुराव्याला एक तुटकं पातं शेडमध्ये टांगलं. दर तपासणीला तेच पातं नव्याने हळहळून दाखवलं जायचं. भाचा बिचारा मूग गिळून बसायचा.

यंदा पाऊस झाला. अकरा वर्षांनी दगडांच्या फटींतून फुलं वर आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात नवी इंजिनीयर बाई हजर! वळण काढून रस्ता सरळ करायचा होता.

"इथे खडक आहे म्हणता?" तिने विचारलं.

"पहारसुद्धा जात नाही हो," आत्या साळसूदपणे म्हणाली. भाच्याने एवढ्या जोरात मान हलवली की टोपीच पडली.

इंजिनीयर बाई दगडांमधून फिरली, मग उकिडवी बसली. "आत्या, वाळवंटातला दगड उन्हाच्या बाजूने काळा चकचकीत होतो. मातीतल्या बाजूला चुन्याची पांढरी खपली धरते. बरोबर?"

"असेल बाई. आम्ही कुठे शिकलोय!"

"मग यातले निम्मे दगड पोट वर करून कसे झोपलेत?"

भाच्याची पाचावर धारण बसली. रोज दगडांत वावरणाऱ्या आत्याला एवढी साधी गोष्ट सुचू नये? तिचा चेहरा पडला. थापा संपल्या, मग तिने खरंच सांगून टाकलं. "एकदा माझ्याच हाताने मारली ही फुलं. परत नाही मारवणार. हवं तर मला घरी बसवा, पण वळण राहू द्या."

इंजिनीयर बाईने एका फुलाला हळूच बोट लावलं. मग ती घड्याळ बघत उठली.

"मी अहवालात फक्त डोळ्यांना दिसतं तेवढं लिहिते. आत्ता मला भूक लागलीय. तासाभराने येऊन फोटो काढते."

तिची गाडी धुळीत दिसेनाशी झाली. "बघतोस काय मेल्या, उलटव!" आत्या ओरडली. मुकादमसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं काम केलं. फुलांना धक्का न लावता एकेक दगड पालथा करताना त्यांची कंबर धरली आणि आत्याच्या शिव्यांना खंड नव्हता.

तासाभराने इंजिनीयर बाई परतली. सगळीकडे काळे चकचकीत दगड. तिने ते नीट पाहिले आणि मधोमध थांबली.

"हा एक राहिलाय."

"त्याच्या बुडाला चिकटून झाड उगवलंय हो," आत्याचा आवाज बारीक झाला. "हलवला तर मुळं तुटतील."

"अस्सं." बाईने कॅमेरा भाच्याच्या हातात दिला, झाड सांभाळून बूट त्या दगडाच्या पांढऱ्या पोटावर ठेवला आणि कमरेवर हात घेऊन उभी राहिली. "काढा फोटो."

तो फोटो आजही ऑफिसात लावलेला आहे. खाली लिहिलंय, ‘कठीण खडक. वळण कायम ठेवावे.’ नवा कोणी आला की आत्या त्याला मुद्दाम त्या फोटोपुढे नेते आणि बाईच्या बुटावर बोट ठेवून म्हणते, "एवढी जागा सोडून बाकी सगळं खरं आहे."