बोटीतलं लोखंडी दार

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. जहाजांचे नकाशे पेन्सिलीतून शाईत उतरवायचे आणि चुकलं की ब्लेडने खरवडायचं, एवढंच काम. रेघ कशाची आहे हे मी कधी विचारलं नाही. एकदा एक दार चुकून उघडं काढलं, तेव्हा आमचे हेड ड्राफ्ट्समन वैतागले.

"बाई, जहाज म्हणजे मसाल्याचा डबा. एका वाटीत पाणी शिरलं तरी शेजारच्या वाटीत जाता कामा नये. मधली लोखंडी दारं बंद असली तर जहाज तरंगतं. एक उघडं राहिलं की खेळ खल्लास."

झालं, माझी झोपच उडाली. कारण दर मे महिन्यात आम्ही गावाला बोटीनेच जायचो. जोगेश्वरीच्या खोलीत मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा एसटीने जाऊ या ना." तो म्हणाला, "आईला घाटात उलट्या होतात, माहितीय ना? इतकी वर्षं बोटीने जातोय, बुडालो का कधी?" त्याला सुट्टी नव्हती. सासूबाई, माझी चिमुरडी मुलगी आणि मी अशा तिघी निघालो.

खालच्या डेकवर चटई टाकली. माणसं, ट्रंका, बोचकी, पाय ठेवायला जागा नाही. त्या बाजूने वर जायला एक जिना होता, पण त्यावर कुणीतरी आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या. दुपारी पोरगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली आणि मी तांब्या घेऊन पाणी आणायला उठले. मधल्या भिंतीतल्या लोखंडी दारातून पलीकडे गेले आणि थबकले. दाराला ट्रंक लावून ते सताड उघडं ठेवलं होतं.

मी तिथल्या एका खलाशाला म्हटलं, "हे बंद करा." ट्रंकवाल्या काकी म्हणाल्या, "गो बाय, वारो येता तो बंद करतंस?" खलाशी हसला. मग माझी सटकली. मी त्याला मसाल्याच्या डब्यासकट सगळं सुनावलं. शेवटी कटकट नको म्हणून त्याने ट्रंक सरकवली, दार ओढलं आणि कडेच्या लोखंडी मुठी फिरवून घट्ट केलं. मी तांब्या भरत स्वतःवरच खूष होते.

तेवढ्यात पुढचं बंदर दिसलं. आपली माणसं कशी, बंदर दिसलं की सगळी एका कठड्याला. किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्या, पडाव, आले का, न्यायला कोण आलंय, बघायलाच हवं. डोक्यावरच्या डेकवर धावपळ ऐकू आली आणि बोट कलली. तांब्या हातातून सुटून घरंगळत गेला. बोट सरळ होईना. आणखी कलली. वरून कुणीतरी ओरडत होतं, "मागे व्हा, मागे व्हा."

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. वर जायचा मोकळा जिना माझ्या बाजूला होता. माझी पोरगी दाराच्या पलीकडे होती, पेट्यांनी अडलेल्या जिन्याच्या बाजूला.

मी मुठींना लोंबकळले. एकही हलेना. पलीकडून कुणीतरी धडाधडा दार वाजवत होतं. खलाशाला म्हटलं, "उघडा, पाया पडते, उघडा." तो स्वतःच भिंतीला धरून उभा होता. म्हणाला, "आता नाही उघडता येणार, बाई. बोट सरळ होऊ दे. मघाशी तुम्हीच सांगितलंत ना, पाणी शिरलं तर?"

त्याचं बरोबर होतं आणि आत माझी मुलगी होती. मी दाराला गाल लावून ऐकत राहिले. तिचा आवाज त्यात कुठे कळेना.

माणसं मागे सरली तशी बोट हळूहळू सरळ झाली. खलाशाने दार उघडलं. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, पोरीला पदरात घट्ट धरून. पोरगी जागी होती, पण रडत नव्हती.

"दार कोणी लायलां?" त्यांनी विचारलं.

"मी लावायला सांगितलं," मी म्हटलं. "पाणी आलं तर बोट बुडू नये म्हणून."

त्यांनी पोरीला माझ्या कडेवर दिलं. रागावल्या नव्हत्या.

"बरां केलंस," त्या म्हणाल्या. "पण फुडल्या येळाक आमच्यावांगडा, आमच्या बाजूक, भितर बस, आणि मगे दार लाव."